पूल मोठा केला तरी बिलिंग अडकतंच, आणि डेटाबेस मात्र निवांत

जिरावन (इंदूर)

मंडळी, एका घाऊक किराणा पेढीचं बिलिंग ॲप आहे. सियागंजातलं दुकान, छावणीतलं गोदाम आणि देवास नाक्याचं गोदाम, तिन्हीकडून एकाच डेटाबेसवर बिलं होतात. स्प्रिंग बूट, हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणारा), हिकारीचा पूल (डेटाबेसची आधीच उघडून ठेवलेली कनेक्शनं) आणि खाली पोस्टग्रेस १५. ॲपचे सर्व्हर तीन, डेटाबेसचा एक (८ कोअर, ३२ जीबी).

लक्षण असं, की संध्याकाळी ६ नंतर गर्दी झाली की 'सेव्ह' दाबल्यावर चक्र फिरत राहतं. लॉगमध्ये "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस". त्याच वेळी डेटाबेसचा सीपीयू १५ टक्क्यांच्या वर जात नाही, डिस्कही थंड. पूल प्रत्येकी १० होता, तो २० केला. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता ५० करावा म्हणतोय. शिवाय नवी आवृत्ती चढवताना अधूनमधून "रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड" असाही एरर येतो.

पूलचा आकार ठरवायचा कसा? आणि डेटाबेस रिकामा बसलेला असताना कनेक्शनं संपतात कशी?

(सेटिंगांची नावं देवनागरीतच लिहितोय, उच्चारावरून ओळखून घ्या.)

अर्धविराम (इंदूर)

५० अजिबात करू नका. आधी आवृत्ती चढवतानाचा एरर, कारण तो निव्वळ बेरजेचा आहे. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स_कनेक्शन्स न बदलल्यास १००. त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव, म्हणजे ॲपच्या वाट्याला ९७. हिकारीत मिनिमम-आयडल वेगळं दिलं नसेल तर ते मॅक्झिमम-पूल-साइझइतकंच धरलं जातं, म्हणून काम असो नसो, प्रत्येक सर्व्हर २० कनेक्शनं उघडूनच बसतो. तीन सर्व्हरांची ६०. नवी आवृत्ती चढवताना जुने तीन आणि नवे तीन काही काळ एकत्र चालत असतील तर १२०. ९७ नंतरच्याला दार बंद. ५० केलेत तर तिसरा सर्व्हर रोजच्या दिवशीसुद्धा धड उठणार नाही.

दुसरा प्रश्न खरा. एका क्षणी किती कनेक्शनं गुंतलेली असतील याचा हिशेब असा: सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येक विनंती कनेक्शन किती सेकंद धरून ठेवते. सेकंदाला ४० विनंत्या आणि प्रत्येकी ५० मिलिसेकंद, तर सरासरी फक्त २ कनेक्शनं लागतात. त्याच ४० विनंत्यांनी कनेक्शन ३-३ सेकंद धरलं तर १२०. क्वेरी तितक्याच, डेटाबेसचं काम तितकंच, पण कनेक्शनं साठपट. सीपीयू थंड आणि पूलमधली कनेक्शनं संपलेली, हे दोन्ही एकदम दिसलं की कनेक्शन धरून कुणीतरी दुसरंच काही करत बसलंय असं समजा.

गर्दीच्या वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमधून एवढं काढा: पिड (प्रोसेसचा क्रमांक), स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं ती वेळ, क्वेरी, आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड). स्टेटनुसार मोजून इथे टाका, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको.

पलासिया

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. पूल मुळात लागतोच कशाला? प्रत्येक वेळी कनेक्शन उघडलं, क्वेरी चालवली, बंद केलं, तर ही भानगडच नको.

अर्धविराम (इंदूर)

कनेक्शन उघडणं महाग आहे म्हणून. टीसीपीची जुळणी, मग टीएलएसची, मग पासवर्डची तपासणी (पोस्टग्रेस १४ पासून मूळ पद्धत स्क्रॅम-शा-२५६, तिच्यात मुद्दाम हजारो वेळा हॅश काढतात), आणि शिवाय पोस्टग्रेस त्या एका कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. मायएसक्यूएल प्रोसेसऐवजी थ्रेड देतो, तिथे थोडं स्वस्त पडतं, फुकट नाही. एक मिलिसेकंदाच्या क्वेरीसाठी एवढा सोहळा परवडत नाही. पूलमधून घेतलेलं कनेक्शन 'क्लोज' केलं की ते खरं बंद होत नाही, पूलमध्ये परत जातं. म्हणूनच 'क्लोज' विसरणं घातक. जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा, आणि संशय असेल तर हिकारीचं लीक-डिटेक्शन-थ्रेशोल्ड १० सेकंद ठेवा. ते मूळचं बंद असतं. चालू केलं की कनेक्शन घेऊन बसलेल्या कोडचा स्टॅक-ट्रेस लॉगमध्ये येतो.

जिरावन (इंदूर)

साडेसहाच्या गर्दीतलं चित्र. एकूण ६० कनेक्शनं.

आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं, पण क्वेरी काहीच चालू नाही): १
ॲक्टिव्ह, वेट_इव्हेंट_टाइप 'लॉक': ५४
आयडल: ५

त्या ५४ मधल्या बहुतेकांची क्वेरी एकच: बिल_क्रमांक या टेबलमधल्या ओळीत शेवटचा क्रमांक एकाने वाढवण्याची अपडेट. आणि जो एकटा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आहे त्याची शेवटची क्वेरी म्हणजे बिलाच्या ओळी टाकण्याची इन्सर्ट.

बिल क्रमांकाला सीक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक) वापरलेला नाही, कारण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी सीक्वेन्स मागे येत नाही, मध्ये क्रमांक गळतो. जीएसटीच्या बिलाला आर्थिक वर्षात सलग क्रमांक हवा, म्हणून वेगळं टेबल. आणि हो, त्याच ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलला विचारून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) घेतो. बाहेरची फेरी, २-३ सेकंद धरा.

तिसरं_सामान्य_रूप (बडोदे)

सापडलं की मग.

पहिली क्वेरी क्रमांकाची ओळ वाढवते आणि त्या ओळीचं लॉक घेते. हे लॉक क्वेरी संपल्यावर सुटत नाही, कमिट किंवा रोलबॅक झाल्यावरच सुटतं. मग बिल टाकलं, मग बाहेर विचारायला गेलात ३ सेकंद. तेवढ्यात पेढीतली बाकीची सगळी बिलं त्या एका ओळीपाशी उभी. म्हणजे अख्ख्या पेढीचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त २० बिलं, मग सर्व्हर तीन लावा नाहीतर तीस. संध्याकाळी मिनिटाला २५ आली तर दर मिनिटाला ५ मागे राहतात आणि १२ मिनिटांत ६० कनेक्शनं खलास. पूल दुप्पट केल्यावर बरं वाटलं ते एवढ्यासाठीच, रांगेला उभं राहायला जागा जास्त मिळाली. शिवाय रांगेत साठावा असलेल्याचा नंबर तीन मिनिटांनी लागणार. तोवर ब्राउझर कंटाळतो, माणूस पुन्हा 'सेव्ह' दाबतो आणि एकाच मालाची दोन बिलं होतात. तपासून बघा, झाली असतील.

लष्कर_ग्वाल्हेर

साधा उपाय: आयआरएन घेणारी मेथड वेगळी काढा आणि तिला 'रिक्वायर्स न्यू' लावा. बाहेरचं ट्रान्झॅक्शन आपलं चालू राहील.

तिसरं_सामान्य_रूप (बडोदे)

नका करू, लष्करसाहेब, हा उपाय रोगापेक्षा जहाल आहे. 'रिक्वायर्स न्यू' म्हणजे पहिलं ट्रान्झॅक्शन, पहिलं कनेक्शन आणि पहिलं लॉक तसंच धरून पूलमधून दुसरं कनेक्शन मागायचं. २० विनंत्यांनी एकेक कनेक्शन घेतलं आणि विसाही जण दुसऱ्याची वाट बघतायत, तर पूल स्वतःच्याच गाठीत अडकतो आणि ३० सेकंदांनी सगळे एकदम पडतात. असं होऊ नये म्हणून लागणारा किमान आकार: थ्रेड × (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं − १) + १. स्प्रिंग बूटच्या आतल्या टॉमकॅट वेब सर्व्हरचे मूळ थ्रेड २००, म्हणजे २०१. कोण देणार? वर गंमत अशी, की ती मेथड त्याच क्लासमधून बोलावली तर स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून जातच नाही आणि ते ॲनोटेशन मुकाट्याने दुर्लक्षित होतं.

नेटवर्कचं काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच हवं. असं तोडा:

पहिलं ट्रान्झॅक्शन: बिल आणि ओळी टाका, स्थिती 'प्रलंबित'. सोबत एका 'पाठवायचे' टेबलात एक ओळ टाका. क्रमांक अगदी शेवटी वाढवा आणि लगेच कमिट. लॉक काही मिलिसेकंदच राहील. हायबरनेट असेल तर लक्ष असू द्या, तो इन्सर्ट-अपडेट स्वतःकडे साठवून सोयीने फ्लशच्या वेळी डेटाबेसला पाठवतो. क्रमांकाची अपडेट नेटिव्ह क्वेरीने, 'रिटर्निंग' लावून, आधी फ्लश करून चालवा.

मग एक वेगळा वर्कर. तो 'पाठवायचे'मधून एक ओळ 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड'ने उचलतो (पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८ पासून), तिच्यावर 'चालू' आणि वेळ लिहितो आणि कमिट करतो. इथेच पुष्कळ जण घसरतात: ओळ लॉक केली आणि तशीच धरून बाहेर फोन लावला. मग तुमची जुनीच कथा नव्या टेबलावर. कमिट करा, कनेक्शन परत द्या, मग पोर्टलला विचारा. उत्तर आलं की दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन: आयआरएन लिहा, स्थिती 'पूर्ण'. वर्कर मध्येच मेला तर ५ मिनिटांपेक्षा जुनी 'चालू' ओळ पुन्हा 'प्रलंबित' करणारं एक काम ठेवा.

पुन्हा पाठवलं तर दोनदा नोंद होईल का? आयआरएन हा ६४ अक्षरांचा हॅश आहे, जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून निघतो. तोच क्रमांक परत गेला तर पोर्टल नक्कल म्हणून नाकारतं, तेव्हा ती नकारघंटा 'आधीच झालंय' अशी वाचून आयआरएन मागवून घ्या. उलट सध्याच्या पद्धतीत धोका जास्त: आयआरएन मिळाला आणि नंतर तुमचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, तर सरकारदरबारी बिल आहे आणि तुमच्याकडे नाही!

जिरावन (इंदूर)

झाली आहेत दोन-दोन बिलं. छापायचं काय मग? व्यापाऱ्याला कागद लगेच हवा असतो, गाडी दारात उभी असते.

तिसरं_सामान्य_रूप (बडोदे)

'सेव्ह' लगेच संपेल, 'छापा'चं बटण आयआरएन आल्यावर उघडेल. ते ३ सेकंद तसेही जात होतेच, फक्त आता एकाचेच जातील, सगळ्यांचे नाही. ज्या बिलांना ई-इन्व्हॉइस लागत नाही, म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकाची, ती तर लगेच छापा.

दुहेरी बिलांसाठी: फॉर्म उघडताना ब्राउझरमध्ये एक यूयूआयडी (पुन्हा न येणारी लांबलचक ओळख) तयार करा, बिलाच्या टेबलात त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लावा. दुसऱ्यांदा 'सेव्ह' आलं की इन्सर्ट आपटेल, तेव्हा आधीचं बिल दाखवा. "आधी शोधा, नसेल तर टाका" हा कोडमधला उपाय पुरत नाही, दोन विनंत्या एकाच क्षणी शोधतात आणि दोघींनाही सापडत नाही.

अर्धविराम (इंदूर)

+१. आणखी एक पाचर बहुधा तुमच्याकडे असेलच. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू न सांगता चालू असतं, सुरू होताना लॉगमध्ये एक इशारा देतं, तो कुणी वाचत नाही. त्यामुळे हायबरनेटचं सेशन विनंतीच्या शेवटापर्यंत उघडं राहतं, आणि एकदा घेतलेलं कनेक्शन ट्रान्झॅक्शन संपलं तरी जेसन लिहून होईपर्यंत परत जात नाही. 'फॉल्स' करा. केल्यावर जिथे जिथे 'लेझी-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन' फुटेल त्या जागा नीट बघा, तिथे क्वेरी लपून चालत होत्या.

त्यातूनच एन-प्लस-वन निघतं. बिलांची यादी एका क्वेरीत २०० आली आणि प्रत्येक बिलाच्या गिऱ्हाइकाचं नाव दाखवताना आणखी एकेक, झाल्या २०१. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतो ते जावाचं मानक) मेनी-टू-वन मूळचं 'ईगर' (सोबतच आणणारं) असतं, त्याला हाताने 'लेझी' (लागेल तेव्हाच आणणारं) करा आणि यादीच्या क्वेरीत 'जॉइन फेच' लिहा. पण बिलाच्या ओळींसारखं कलेक्शन 'जॉइन फेच' करून वर पेजिंग लावलं, तर हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पानं पाडतो. तिथे डिफॉल्ट-बॅच-फेच-साइझ ५० वगैरे बरं.

एका खोलीतल्या सर्व्हरवर हे खुपत नाही, फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची असते. ॲप इंदुरात आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर असेल तर फेरीला २० मिलिसेकंद धरा: २०१ फेऱ्या म्हणजे ४ सेकंद, आणि डेटाबेसच्या संथ क्वेरींच्या यादीत एकही नाव नाही, कारण प्रत्येक क्वेरी झटक्यात संपते. ॲप आणि डेटाबेस शेजारी-शेजारी ठेवा, हा सगळ्यात दुर्लक्षित सल्ला.

लष्कर_ग्वाल्हेर

'रिक्वायर्स न्यू'चं समजलं. आमच्याकडे मायएसक्यूएल आहे, तिथली एक गाठ इथे लिहून ठेवतो. सकाळी पहिल्याच विनंतीला "कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर". मायएसक्यूएलचं वेट_टाइमआउट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर पडून राहिलेलं कनेक्शन सर्व्हर तोडतो, पूलला पत्ता नसतो. हिकारीचं मॅक्स-लाइफटाइम मूळ ३० मिनिटं असल्यामुळे ते सहसा वाचवतं, पण कुणी ते शून्य केलेलं असतं. आणि मध्ये फायरवॉल किंवा नॅट असेल तर तो ८ तास थांबत नाही. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन सोडून देतो. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह मात्र २ तासांनी जागं होतं. म्हणून हिकारीचं कीपअलाइव्ह-टाइम २ मिनिटं ठेवा आणि मॅक्स-लाइफटाइम मधल्या कुठल्याही मर्यादेपेक्षा थोडं कमी.

दुसरं, मायएसक्यूएलमध्ये लॉकची वाट ५० सेकंद बघून एरर १२०५ येतो, तेव्हा फक्त ती क्वेरी मागे जाते, ट्रान्झॅक्शन तसंच उघडं राहतं. एरर गिळून पुढे कमिट केलंत तर अर्धवट बिल पक्कं. डेडलॉकच्या १२१३ ला मात्र अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं.

मांडवी_बडोदे

विषय निघालाच आहे तर देवनागरी साठवण्याबद्दल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि अनुस्वार, मात्रासुद्धा वेगळी चिन्हं. 'इंदूर' म्हणजे इ, अनुस्वार, द, ऊकार, र: १५ बाइट. ऑरॅकलमध्ये व्हारकॅर२(३०) लिहिलं की मूळ सेटिंगला ते ३० बाइट असतात, म्हणजे १० चिन्हं. 'दुकानाचं नाव' लिहितानाच ओआरए-१२८९९. 'कॅर' शब्द जोडून ३० कॅर लिहा. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये ३ बाइटांपर्यंतच जागा, त्यामुळे मराठी बसतं आणि सगळं ठीक आहे असा भ्रम होतो, मग कुणी शेऱ्यात इमोजी टाकला की इन्सर्ट आपटते. यूटीएफ८एमबी४ घ्या.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी: कॉलम व्हारकॅर आणि इंडेक्सही आहे, तरी जावातून शोध मंद. ड्रायव्हर स्ट्रिंग पॅरामीटर मूळ सेटिंगला युनिकोड म्हणून पाठवतो, मग कॉलमचंच रूपांतर करावं लागतं आणि बऱ्याच कोलेशनमध्ये इंडेक्सवर नेमकी उडी मारता येत नाही. सेंड-स्ट्रिंग-पॅरामीटर्स-ॲज-युनिकोड 'फॉल्स' करा, पण देवनागरी साठवणारे कॉलम एनव्हारकॅर असतील तर तिथे सेट-एनस्ट्रिंगने पाठवा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग उमटेल.

पलासिया

पॅरामीटरवरून आठवलं. स्ट्रिंग जोडून क्वेरी करू नये हे कळतं, पण यादी कोणत्या कॉलमवर लावायची ते वापरणारा निवडतो. तिथे प्रश्नचिन्ह चालतच नाही.

अर्धविराम (इंदूर)

चालणार नाही, कारण पॅरामीटर फक्त किमतीच्या जागी बसतो, कॉलमच्या किंवा टेबलच्या नावाच्या जागी नाही. कोडमध्येच मान्य कॉलमांचा मॅप ठेवा: 'तारीख' आलं तर बिल_तारीख, 'रक्कम' आलं तर एकूण, बाकी काहीही आलं तर नकार. वापरणाऱ्याकडून आलेली अक्षरं क्वेरीत कधीच जाऊ द्यायची नाहीत. डी'सोझा आडनावाचं गिऱ्हाईक शोधून बघा, स्ट्रिंग जोडलेल्या जागा तिथल्या तिथे उघड्या पडतात.

तयार स्टेटमेंटची एक कमी माहीत असलेली खोड: पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर तीच क्वेरी पाचव्यांदा आल्यावर सर्व्हरवर तयार ठेवतो, आणि सर्व्हर त्यापुढच्या पाच वेळा खऱ्या किमती बघून प्लॅन करून मग सर्वसाधारण प्लॅनचा विचार करतो. ९० टक्के बिलं एकाच दुकानाची असतील तर तो सर्वसाधारण प्लॅन छोट्या गोदामांना किंवा मोठ्या दुकानाला, कुणा एकाला बाधू शकतो. "हाताने चालवली तर पळते, ॲपमधून दहा वेळांनंतर रांगते" असं दिसलं की प्लॅन_कॅश_मोड 'फोर्स_कस्टम_प्लॅन' करून पडताळा.

जिरावन (इंदूर)

मग ठरलं ते लिहितो, चूक असेल तर सांगा. पूल प्रत्येकी १० (३ सर्व्हर, आवृत्ती चढवताना ६०, ९७ च्या आत). कनेक्शन-टाइमआउट ३० वरून ५ सेकंद. ओपन-इन-व्ह्यू बंद. डेटाबेसवर ॲपच्या रोलसाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० सेकंद. क्रमांकाचं टेबल दुकानानुसार वेगळ्या मालिकेचं, तीन ओळी. पीजीबाउन्सर (ॲप आणि पोस्टग्रेसच्या मध्ये बसणारा वेगळा पूलर) लावावा का?

तिसरं_सामान्य_रूप (बडोदे)

तीन सर्व्हरांना गरज नाही. लावलाच तर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी, म्हणजे सेट, सेशनपुरतं टेंपररी टेबल, लिसन, सेशन पातळीचं ॲडव्हायझरी लॉक, भरवशाच्या राहत नाहीत. तयार स्टेटमेंटही त्याच्या १.२१ आवृत्तीपासूनच चालतात.

पूल १० ठीक. ८ कोअरच्या डेटाबेसला एका वेळी खरं काम करणारी कनेक्शनं कोअरच्या दुप्पट आणि एखाददुसरं, म्हणजे १७-१८ पुष्कळ. तुमची ३० आहेत, चालेल. लॉक_टाइमआउट ३ सेकंद जोडा. वेगळ्या मालिकांना वेगळी आद्याक्षरं द्या, पण अख्खा क्रमांक १६ अक्षरांत बसवा, नियमात तेवढीच जागा आहे.

'पाठवायचे' टेबलावर फक्त 'प्रलंबित' ओळींपुरता अर्धा इंडेक्स लावा, म्हणजे पूर्ण झालेल्या लाखो ओळी त्यात येणारच नाहीत. पुढे चालू टेबलावर इंडेक्स वाढवाल तेव्हा 'कॉन्करंटली' लिहा, नाहीतर तो तयार होईपर्यंत त्या टेबलावरचं लिहिणं थांबतं. 'कॉन्करंटली' ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, त्यामुळे फ्लायवेमधून (डेटाबेसचे बदल क्रमाने चढवणारं साधन) चालवत असाल तर ती फाइल स्वतंत्र ठेवा. मध्येच फसलं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे उरतो. तो क्वेरीला उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला खर्चात पाडत राहतो. ड्रॉप करून पुन्हा लावा.